अकरा नापास टाइल्स

चिंचवड,
सोमवार

तीर्थरूप ज्योतीराम अण्णांना उद्धवचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, म्हणून प्रत्यक्षात जमलं नसतं तेवढं कागदावर वाकलो आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? म्हैस व्यायली असेल तर रेडी झाली की रेडा, तेही कळवा. तुमची बहीण कस्तुरा गेल्या शुक्रवारपासून तुमच्याकडे आहे, तेव्हा तिची बाजू तुम्ही दोन्ही वेळच्या जेवणाबरोबर ऐकत असालच. माझी बाजू ऐकायला इथे घरात कुणी नाही, म्हणून हे पत्र.

गेल्या गुरुवारी सकाळी मी आंघोळ केली, देवाला फूल वाहिलं आणि त्याच हाताने लाल मार्कर उचलून अकरा टाइल्स नापास केल्या. माझा गुन्हा एवढाच. पुढचं सगळं त्या टाइल्सनी केलं.

थोडं मागचं सांगतो. स्वयंपाकघराच्या भिंतीच्या टाइल्स बदलायच्या असं कस्तुराने ठरवलं आणि आम्ही मोशीच्या रस्त्यावरची नऊ दुकानं पालथी घातली. या धंद्यात एकाच मळकट रंगाला चौदा नावं आहेत आणि प्रत्येक नावाचा दर वेगळा. एका दुकानदाराने माझ्या गळ्यातली माळ पाहिली आणि अन्नपूर्णेचं चित्र असलेली टाइल काढली. गॅसच्या मागे लावा, रोज दर्शन, म्हणाला. मी म्हटलं, अहो, देवीच्या तोंडावर फोडणी उडेल. तर म्हणाला, “पुसता येते की माउली!” तिच्याच शेजारी जिन्याच्या कोपऱ्यात लावायचे गणपती आणि दत्त रचून ठेवले होते, लोकांनी थुंकू नये म्हणून. देवाला आपण बिनपगारी वॉचमन केला, या विचाराने मला दोन मिनिटं फार वाईट वाटलं. (मग आठवलं की आमच्या सोसायटीच्या जिन्यातही तेच आहेत आणि जिना अगदी स्वच्छ आहे. देव ड्यूटी चोख करतो.)

कस्तुराने पहिल्याच दुकानात फिकट हिरवी टाइल पसंत केली होती. मी बदामी घ्यायला लावली. ती लागली, आणि सांधा कुठे बारीक, कुठे जाड दिसला म्हणून मी भिंत फोडायला लावली. अण्णा, चाकणच्या कंपनीत आलेला माल तपासण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. केसाएवढी फट दिसली तरी मला जेवण जात नाही. शेवटी तिची हिरवी टाइल आणली. एव्हाना घरभर सिमेंटची धूळ, म्हणून देव्हारा बाल्कनीत वॉशिंग मशीनवर हलवला होता. मशीन कपडे पिळायला लागलं की सगळे देव थरथरतात आणि बाळकृष्ण रांगत रांगत कडेला येतो. इतकी वर्षं पूजा केली, पण देव जागृत असल्याचा अनुभव मला प्रथमच आला.

तर गुरुवारी मी साठ हिरव्या टाइल्स चमच्याने वाजवून, काटकोनाचा गुण्या लावून तपासल्या आणि अकरांवर लाल ठिपका दिला. आमच्या कंपनीत लाल ठिपका म्हणजे माल नापास, पुरवणाऱ्याकडे परत. ठिपके देऊन मी शिफ्टला गेलो. संध्याकाळी येऊन पाहतो तर गॅसच्या मागे, अगदी डोळ्यांसमोर, अकराच्या अकरा ठिपके रांगेत. आमचे कोंडाजी मिस्त्री लातूरकडचे, फार श्रद्धाळू माणूस. हात जोडून म्हणाले, “दादा, ताईनं कुंकू लावून पुजून ठेवलेल्या टाइली, त्या कोपऱ्यात कशा घालाव्या? पाया पडून पैल्या लाइनीला लावल्यात.” मी म्हटलं, अहो, ते कुंकू नाही, त्या नापास आहेत. ते शांतपणे म्हणाले, “मंग देवानं पास केल्या म्हना की!”

मी छिन्नी मागितली. तेवढ्यात कस्तुरा बाथरूममधून भांड्यांची पाटी घेऊन बाहेर आली. “सव्वीस दिवस मी न्हाणीत भांडी घासतेय,” ती म्हणाली. “लाल ठिपक्याचं परत पाठवायचं असतं ना? मग माझ्या कपाळाकडे बघा, आणि मलाही पाठवा!” आणि शुक्रवारच्या पहिल्या एसटीने माल आपणहून परत गेला. कंपनीच्या हिशेबाने, अण्णा, पुरवठादार तुम्ही. (राग मानू नका. पंचवीस वर्षांत एक तक्रार न आलेला दुसरा पुरवठादार मी पाहिलेला नाही.)

असो. तिला हवं तितकं राहू द्या. माझं उत्तम चाललं आहे. दुपारी कॅन्टीन, रात्री केळी. येत्या गुरुवारी घट बसतात, ते मी बसवीन. पुरुषाने बसवू नयेत असं कुठे लिहिलेलं नाही. भिंतीच्या बाबतीत मात्र मी तडजोड करणार नाही, हे तिला स्पष्ट सांगा.

आपला,
उद्धव

ता. क. – घटात पेरायच्या धान्याचा डबा कुठे आहे, तेवढं कस्तुराला सहज विचारा. आणि घटाला पाणी घालताना ती काय पुटपुटते तेही विचारा. पंचवीस वर्षं मी ते नुसतं ऐकलं, कधी विचारलं नाही. मी विचारलंय असं सांगू नका.

ता. क. दुसरा – खोटं कशाला बोलू. काल मी थिनरने ते ठिपके पुसले, पुराव्यासाठी पुन्हा नीट तपासावं म्हणून. पुसल्यावर मला एकही नापास टाइल ओळखता येईना. दोन तास भिंतीला गाल लावून पाहिलं. हिरवा रंग उन्हात फार चांगला दिसतो. आज सकाळी मिस्त्रींकडून सगळे सांधे भरून घेतले आणि छिन्नी त्यांच्याच पिशवीत घातली.

ता. क. तिसरा – हे एसटीत लिहायला घेतलं, म्हणून अक्षर असं. आता तुमच्या म्हशीजवळ उभा राहून पुरं करतोय आणि पत्र तुमच्या सूनबाईंच्या हाती आत पाठवतोय. (रेडी झाली आहे, पाहिलं.) परतीची गाडी चारला आहे. तिकिटं मी दोन काढणार आहे. ती नाही म्हणाली तरी दोनच काढीन. आता तुम्ही तिला बाहेर पाठवा, नाहीतर मला आत बोलवा, पण लवकर. म्हैस मला हुंगायला लागली आहे.