भाजी बसू दे, मग मीठ

माय, तू गेलीस तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, आणि आज तुझ्याच चुलीपुढे बसून तुला लिहितोय. संध्याकाळची जेवणं उरकलीत, बाहेर अजून उजेड आहे. बा ओसरीवर पाय लांब करून बसलाय. मी दर थोड्या वेळाने दारात जाऊन त्याच्या छातीकडे बघून येतो. हलतेय का, एवढंच.

बाच्या पायांवर सूज चढलीय. मेहकरच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, हृदय थकलंय. मीठ दोन बोटांच्या चिमटीत मावेल तेवढंच, तेल नावापुरतं, संध्याकाळी ज्वारीची अर्धी भाकर आणि वाडगाभर भाजी. नडगीवर अंगठा दाबून बघायलाही शिकवलं. खड्डा जितका वेळ राहील तितकं अंगात पाणी जास्त. घरी रिकामा मीच. बुलढाण्याचं कॉलेज मधेच सोडून आलो होतो, आणि का सोडलं ते तुला सांगायची लाज वाटते. बुलढाण्याच्या एका मुलीवर माझा जीव होता; वर्गातला एक जण तिच्याबद्दल काहीबाही बोलला, मी दौत उचलून त्याच्या कपाळावर मारली. प्राचार्य माफी माग म्हणाले. मागितली नाही. तेव्हापासून रोजचा स्वयंपाक माझ्याकडे. परसातल्या वेलाचा दोडका नाहीतर दुधी, कधी बांधावरची घोळ, मूठभर मुगाची डाळ, लसणाच्या दोन पाकळ्या, सगळं एकाच पातेल्यात. अवघड काही नाही. तू करायचीस तेव्हा शेजारी बसून घोळ निवडणारा मीच होतो.

एकदा घाईने मी मीठ टाकायला गेलो आणि तू माझ्या हातावर पळी मारलीस. "थांब ना बे! ढीग दिसला म्हून ढिगाएवढं मीठ टाकतं काय? बसू दे तिले आधी. बसली का मूठभर राह्यते." मी रडायला लागलो, तशी तूच हसलीस. "एवढी कायची घाई रे तुले?"

आज दुपारी बुलढाण्याहून त्या मुलीचं पत्र आलं. दोन ओळी. सुपारी फुटली, आता लिहू नको. मी पातेल्यात घोळ कोंबली, काठाच्या वर आलेला तो हिरवा ढीग बघितला आणि मूठभर मीठ फेकलं. चाखून बघितलं नाही. चुलीला घास दाखवल्यावाचून जिभेला लावायचं नाही, हा तुझा नियम या घरात अजून चालतो. आणि बा जेवल्याशिवाय मी बसत नाही. बाने वाडग्यातली सगळी भाजी संपवली. पाणी मात्र तीन तांबे प्यायला.

"कशी झाली?" मी विचारलं.

"झ्याक. तुया मायसारखी."

मग मी बसलो. पहिलाच घास थुंकला. ओरडलोच त्याच्यावर, "बा! काऊन खाल्लं थे? सांगाचं नाही काय खारट हाय म्हून?"

तो बोटांनी धोतराची किनार चाचपत म्हणाला, "तू चिडतं ना. मांगं अळणी लागते म्हनलं, तं ताट फेकलं होतं तू."

फेकलं होतं, माय. दुधीचा डाग भिंतीवर अजून आहे, मीच रोज त्याच्याकडे पाठ करून बसतो. मला वाटत होतं या घरात भ्यायलेला मी एकटाच आहे. तो मरेल म्हणून मी भितो, आणि तो माझ्याच पुढ्यात बसून, मला भिऊन, ते विष मुकाट गिळतो.

आत्ता पुन्हा नडगी दाबून आलो. खड्डा भरून येईना. वीसपर्यंत मोजलं.

"उतरली काय रे सूज?"

"हाव, उतरून राह्यली," मी म्हणालो, आणि अंगठ्याचा खड्डा त्याच्या धोतराखाली झाकला.

दुपारी ठरवलं होतं, उद्या बुलढाण्याची गाडी धरायची, तिच्या दारात उभं राहायचं. आता उद्याच्या पहिल्या गाडीने बाला घेऊन मेहकर. डॉक्टरांना मूठ दाखवून सांगणार, एवढं मीठ होतं, मी टाकलं.

हा कागद चुलीत जाईल, दुसरीकडे कुठे धाडणार. बाला एक विचारायचं होतं: आजवर आणखी काय काय गिळलंस, मला भिऊन? दारापर्यंत गेलोही होतो. विचारलं नाही. तो खरं सांगेल, याची भीती वाटली.