अनसाबाईने पारखलेली घोडी

मी रखमाजी भैरू कोळपे, वय एकोणसत्तर, धंदा शेती, राहणार न्हावरे, तालुका शिरूर, जिल्हा पुणे. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणी गळ घातली म्हणून नव्हे, स्वतःच्या मर्जीने माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवतो.

१. घर व विहिरीखालची जमीन मुलगा सुरज यास. कांद्याची चाळ त्यातच आली. चाळीचा पत्रा पश्चिमेकडून उचकटतो, तो त्याने आता तरी ठोकावा.

२. बँकेतली ठेव सुरज व मुलगी सुषमा यांना सारखी.

३. घोडी, तिचा लगाम व खरारा सुषमास. घोडीचे अंग मातकट, पाठीवर शेपटीपर्यंत काळी रेघ, गुडघ्यांवर आडवे पट्टे. या रंगाला समंद म्हणतात. घोडी विकू नये. ती माझी पत्नी कै. अनसाबाई हिने पारखली. कशी पारखली, ते इथे लिहिणे जरूर आहे.

आमच्या दोन घोड्या भांडगावला तिचे भाऊ दगडोबा यांच्याकडे अर्धलीने होत्या. म्हणजे सांभाळ त्यांचा, शिंगरे निम्मी-निम्मी, पहिली निवड सांभाळणाऱ्याची. १९९७ साली दोघींना शिंगरे झाली. दोन्ही मातकट, दोन्हींच्या पाठीवर रेघ. एकाची रुंद, गडद, पण कडा पुसट. दुसऱ्याची बारीक आणि रेखीव. दगडोबांनी रुंद रेघेचे धरले.

अनसाबाई म्हणाली, "दादा, पाठ नको बघू, पाय बघ. तुझ्या शिंगराच्या पायाला पट्टं न्हाईत. जन्माची लव झडली की रेघ जाईल."

"तू मेंढरांचं सांग. घोडं मला कळतंय."

लव झडली. त्यांचे शिंगरू साधे तांबडे निघाले, आमचे समंद राहिले. दगडोबांनी जत्रेत चार माणसांत सांगितले की, बहिणीने निवडीआधी त्या शिंगराच्या पाठीला काळे तेल चोळून फसवले. तेव्हापासून ते भाऊबीजेला आले नाहीत. गेल्या वर्षी चैत्रात ती वारली, तेव्हाही हा बोल तिच्यावर होताच.

त्याच उन्हाळ्यात दगडोबांच्या गोठ्यात तशाच रुंद रेघेचे शिंगरू झाले. लव झडताच त्याचीही रेघ गेली. दगडोबा एसटीने न्हावऱ्याला आले.

"दाजी, रेघ आपोआप गेली. आन् मी येड्यावानी राखण करत बसलो, कोण तेल लावतंय बघायला. अनसानं काय केलं न्हवतं."

मी म्हणालो, "हे मला एकट्याला सांगू नका."

यंदाच्या जत्रेत, त्याच माणसांपुढे, ते मोठ्याने बोलले. मी घोडी घेऊन शेजारी उभा होतो. लोकांनी तिच्या पायांवरचे पट्टे हात लावून पाहिले. एवढा ताठ मी लग्नातही उभा नव्हतो.

४. घोडी गाभण आहे. ते शिंगरू दगडोबांना द्यायचे होते. वकील म्हणाले, साक्षीदाराने मृत्युपत्रातून काही घेऊ नये. शिंगरू तरी घ्या नाहीतर सही तरी करा. दगडोबा म्हणाले, "शिंगरू ऱ्हाऊ द्या. सही मीच करणार." म्हणून तेही सुषमास.

ठिकाण: न्हावरे. दिनांक १७ मे २००४.

(सही) रखमाजी भैरू कोळपे

साक्षीदार:

(सही) बापूसाहेब शेंडगे, राहणार न्हावरे

(सही) दगडोबा मासाळ, राहणार भांडगाव, तालुका दौंड. कलम तीन मी वाचले. माझ्या बहिणीने तेल लावले नव्हते.