फुकटातलं जलचक्र

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.१०
संकल्प. आजपासून खडू बंद. माझी तिसरी-चौथी पूर्णपणे ब्लेंडेड, म्हणजे अर्धं मी शिकवणार, अर्धं इंटरनेट. सगळं फ्री व्हर्जन. सतरा तारखेला विस्तार अधिकारी साहेब पाठ बघायला येतायत. आवडला तर मी तालुक्याचा तंत्रस्नेही मार्गदर्शक! वडगावला तालुक्याच्या ऑफिसात टेबल, फिरती खुर्ची, समोर वह्या घेऊन बसलेले शिक्षक. तळेगावहून रोज कामशेतच्या पुढं बाइक हाणणं बंद. विषय: जलचक्र. धरणाकाठच्या पोरांना याहून सोपं काय?

४ फेब्रुवारी
प्रोजेक्टर गणपती मंडळाचा. पडदा म्हणजे बायकोची, अनिताची पांढरी चादर (तिला अजून सांगितलेलं नाही). रेंज फक्त खिडकीच्या गजाशी, म्हणून मोबाइल तिथं सुतळीनं बांधला. पलीकडच्या वर्गात शालन मॅडम पहिली-दुसरीला चहाच्या किटलीवर ताटली धरून काहीतरी दाखवत होत्या. कीव आली.

६ फेब्रुवारी, गुरुवार
व्हिडिओआधी जाहिरात लागते. लोणावळ्याचा कुठला तरी मेघछाया व्हिला. पाच सेकंदांनी स्किप करता येते, पण मी पडद्यापासून खिडकीपर्यंत पोचेतो संपलेली असते. मग सूर्य, धरण, वाफ. वाफ वर निघाली की दिवसाचा डेटा संपतो. ठीक. उद्या ढग.

७ फेब्रुवारी
ढग नाही. जाहिरात चार वेळा.

११ फेब्रुवारी, मंगळवार
ढग नाही. अनिता म्हणाली, जाहिरात नको तर पैसे भरा. म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे. ती म्हणाली, मग चादर परत आणा. शालन मॅडमनी विचारलं, किटली देऊ का? नम्र नकार. वर्गाची एकाग्रता मात्र अफाट. एरवी दोन मिनिटं न बसणारी पिंकी जाहिरात लागली की डोळे लावून बसते. साधन पोचतंय.

१४ फेब्रुवारी
ऑनलाइन चाचणी. फ्री व्हर्जनमध्ये दहाच मुलं बसतात. माझा पट सतरा. उरलेली सात ऑफलाइन, म्हणजे मैदानात. ब्लेंडेड म्हणतात ते हेच.

१७ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी ४
ऐन वेळी लाइट गेली. हरकत नाही, मी साहेबांना म्हणालो, मुलं तयार आहेत, काहीही विचारा. (हे म्हणायला नको होतं.)
साहेबांनी विचारलं, धरणाचं पाणी तापलं की काय होतं? सगळे ओरडले, वाफ! माझी छाती फुगली. मग वाफेचं पुढं काय होतं? निलेश उठून म्हणाला, पुढं डेटा संपतो, सर.
साहेब म्हणाले, बरं, दोन आठवडे काय शिकलात तेवढं म्हणा. सतराही पोरं हात जोडून, कवितेच्या चालीत: मेघछाया व्हिला, डोंगराच्या कुशीत, प्रायव्हेट पूल, नाश्ता फ्री, आजच बुक करा. फोन नंबरासकट, दहाही आकडे! त्यात तेजलपण होती, जिला अजून सातचा पाढा येत नाही.
साहेबांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. लक्षण चांगलं आहे. जाताना ते शालन मॅडमच्या किटलीपाशीही थांबले, चहासाठी असेल.

२० फेब्रुवारी
साहेबांचा मेसेज! लगेच उघडला: व्हिलाच्या नंबरात शेवटी चौऱ्याहत्तर की सत्तेचाळीस, मुलांना विचारून कळवा, फॅमिलीला शनिवारी जायचंय.
कळवलं. संबंध वाढतायत.

२४ फेब्रुवारी, सोमवार
पत्र आलं. तालुका मार्गदर्शक: शालन मॅडम. पहिला प्रशिक्षणार्थी: मी.
खोटं कशाला लिहू, शाळेमागं जाऊन रडलो. मग त्यांच्या वर्गात मागच्या बस्करावर बसलो. आज माझी पोरंही तिथंच होती. मॅडमनी किटली ठेवली. पाणी उकळलं, वाफ वर निघाली आणि मी सवयीनं खिडकीकडे पळायला उठलो. पिंकीनं शर्ट धरून खाली बसवलं. म्हणाली, बसा सर, हितं न्हाई संपत.
ताटलीवरून थेंब पडला. मी वहीत लिहून घेतलं.