परत आलेला डबा

सोमवार, ६ जानेवारी

तिसरीत आजपासून कचऱ्याचा प्रकल्प. खरं तर मी ‘पाणी’ ठरवलं होतं, तक्तेही तयार होते. पण मधल्या सुट्टीत ओवीने केळ्याचं साल कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि तिथेच उभी राहिली. "ताई, फेकलं म्हणजे नक्की कुठे जातं?"

आमच्याकडे मुलांचा प्रश्न आला की तोच धडा. ताईने उत्तर द्यायचं नाही. फळ्यावर प्रश्न लिहायचा आणि बाजूला व्हायचं. लिहिला. बाजूला झाले.

उत्तर मला माहीत होतं. उत्तर रोज दुपारी तीनला घरी येतं, मोरीत कोपरापर्यंत हात धुतं आणि मग चहा मागतं.

मुलाखतीत मीनलताईंनी विचारलं होतं, "घरी कोण कोण?" मी म्हटलं, "आई आणि मी. आई खाजगी नोकरी करते." मुख्याध्यापिका असून त्यांनी पुढे काही विचारलं नाही. दीड वर्ष झालं त्याला.

गुरुवार, ९ जाने.

वर्गाचा चार दिवसांचा कचरा साठवून आज काट्यावर वजन केलं. नाकं धरून, पण सगळ्यांनी केलं. मग मोर्चा फाटकावर. वॉचमनकाकांना विचारलं, हा कोण नेतं? "संगीताबाई नेते. पुढं शेडमध्ये जातो." शेडमध्ये काय होतं? "जाऊन बघा. मी वॉचमन आहे, गाईड नाही."

मी घाईने म्हटलं, आपण प्रोजेक्टरवर बघू, छान फिल्म आहे. ईशान म्हणाला, "ताई, तुम्हीच म्हणता ना, पडद्यावरचं लिंबू आंबट लागत नाही." हे मीच शिकवलेलं वाक्य. त्या दिवशी किती खूश होते मी स्वतःवर.

मीनलताई ऐकत होत्या. म्हणाल्या, "दहा मिनिटांवर तर आहे. बुधवारी घेऊन जा. पालकांची चिठ्ठी, हातमोजे, सॅनिटायझर, पाणी."

त्या शेडमध्ये चार बायका कचरा निवडतात. त्यातली एक आई.

शुक्रवार, १० जाने.

चुकांचा गोल. दर शुक्रवारी शेवटच्या तासाला सतरंजीवर गोल बसायचं, प्रत्येकाने आठवड्यातली आपली एक चूक सांगायची. ताईनेही. कुणी हसायचं नाही, कुणी समजूत घालायची नाही. मुलं खरं सांगतात. ओवी म्हणाली, आजीच्या फोनवर मी कार्टून बघत होते आणि आजीला म्हटलं फोन बिघडलाय.

मी सांगितलं, मी ईशानचं चित्र उलटं टांगलं. दर गुरुवारी मी एक चूक निवडून ठेवते. लग्नाला जाताना कानातलं निवडावं तशी. लहान, शोभेलशी.

रविवार, १२ जाने.

आईला सांगितलं. ती शेंगदाणे भाजत होती, आम्हा दोघींच्या मानाने भरपूर.

"येऊ देत की. मी दावीन त्यांना."

मी चार दाणे सोलले. मग म्हटलं, "आई, तिथे मला सोनी म्हणू नकोस."

"मग काय म्हनू?"

"मॅडम."

तिने कढई उतरवली. "मॅडम तर मॅडम. पगार मॅडमचाच आनतीस की." आणि हसली. मीही हसले. वाटलं, चला, हे एवढं सोपं होतं.

आता लिहिताना ते हसणं कानात आहे, आणि ते काही हसणं नव्हतं.

सोमवार, १३ जाने.

उद्या संक्रांतीची सुट्टी म्हणून ओवीच्या आईने तिळगुळाचे लाडू पाठवले. गुलाबी कागद, वर रिबीन. वर्गात मीच वाटले. मुलांनी हात पुढे केले, मीही एक खाल्ला. पाकातले, कडक.

मंगळवार, १४ जाने.

दोघींनी मिळून लाडू वळले. आईचा हात पाकाला भाजत नाही, माझा भाजतो. ती म्हणाली, "तू राहू दे, तुझी लिहायची बोटं." तरी अर्धे मीच वळले. ती जास्तच करत राहिली. विचारलं तर म्हणाली, "उद्या पोरं यायचीत."

डबा काढला तो माझा शाळेचा, झाकणावर खिळ्याने माझं नाव कोरलेला. मी दुसरा पुढे केला. तिने तो घेतला.

बुधवार, १५ जाने.

नीट लिहायचं आहे. काही वगळायचं नाही.

दहाला पोचलो. चौघी ढिगांभोवती बसलेल्या, अंगात कोट. संगीतामावशीने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि परत खाली घातली. चौघींपैकी कुणीच मला ओळखलं नाही. लहानपणी मी या बायकांच्या मांडीवर दुपारची झोपायचे. बी.ए.चा निकाल लागला तेव्हा याच शेडमध्ये आईने पेढे वाटले. म्हणजे तिने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

मी मुलांना म्हटलं, "या मावशी आपल्याला माहिती देणार आहेत."

आईने माहिती नाही दिली. ती म्हणाली, "डोळं मिटा." वीस मुलांनी मिटले. एकेकाच्या कानाशी तिने पिशवी चुरगाळली. "ही वाजती. ही वाजत न्हाई. वाजनारी अल्लग, न वाजनारी अल्लग. दोन्ही एकात गेल्या तर भंगारवाला समदा ढीग माघारी देतो." मग त्यांच्या हातात पिशव्या दिल्या. डोळे न उघडता निवडा म्हणाली.

ईशान. वर्गात दोन मिनिटं बूड टेकत नाही तो. डोळे मिटून, जीभ बाहेर काढून, कान लावून निवडत होता. त्याची एक चुकली तर आई म्हणाली, "परत ऐक. घाई कोनाला हाय?" मी त्याला कधी इतक्या शांतपणे चूक सांगितलेली नाही. माझ्या सगळ्या तक्त्यांत मिळून असा एक तास नव्हता. मला अभिमान वाटला. खरंच वाटला, हे लिहून ठेवते. आणि तोंडावर मी ‘छान, छान’ असं पाहुणीसारखं हसू ठेवलं होतं.

मग तिने हातमोजे काढले, नळावर हात धुतले, पदराला पुसले आणि डबा उघडला. "तीळगूळ घ्या रं."

ईशानचा हात पुढे गेला.

मी म्हटलं, "नको. बाहेरचं काही खायचं नाही. शाळेचा नियम आहे."

नियम आहे, हे खरं आहे.

ओवी म्हणाली, "पण माझ्या आईचे लाडू आपण खाल्ले की सोमवारी."

"ते घरचे होते."

आई माझ्याकडे बघून म्हणाली, "हे बी घरचंच हायत, मॅडम."

रागाने नाही. समजावून सांगावं तसं. जणू मला खरंच माहीत नसावं.

 तिने झाकण लावलं, दोन्ही तळव्यांनी दाबून, ते घट्ट बसतं म्हणून. आणि मी पिशवीतून सॅनिटायझर काढलं. यादीत होतं म्हणून. मुलांनी ओळीने हात पुढे केले, मी थेंब टाकत गेले. तिच्या समोर. वीस मुलं.

निघताना चौघींना सगळ्यांनी एका सुरात "थँक्यू मावशी" म्हटलं. मीही म्हटलं.

गुरुवार, १६ जाने.

डबा ओट्यावर. भरलेला. आई त्याबद्दल बोलत नाही. भाजी काय करू विचारलं, गॅसचा नंबर लावलास का विचारलं. शेजारच्या काकू आल्या, म्हणाल्या, "एवढे उरले कसे गं कुसुम? पोरं आली न्हाईत का?"

"आली की. पोटं भरल्याली व्हती त्यांची."

ती माझ्यासाठी खोटं बोलली. आणि मी आत उभी राहून पुढच्या आठवड्याचं नियोजन लिहीत होते. ‘उद्दिष्ट : श्रमाबद्दल आदर.’ खोडलं.

शुक्र., १७ जाने.

गोल. ईशानची पाळी आली. "मला लाडू हवा होता. मी हात मागे घेतला. मावशींनी हात धुतले होते. मी बघितलं होतं."

कुणी हसलं नाही. कुणी समजूत घातली नाही. तोच तर नियम.

माझी पाळी. मी म्हटलं, "मी पाण्याच्या बाटल्या मोजून घेतल्या नाहीत."

ओवी माझ्याकडे बघत राहिली. काही म्हणाली नाही. आठ वर्षांच्या मुलीने नियम पाळला.

सोम., २० जाने.

शनिवारी खुला दिवस. पालक येतात, मुलं आपलं काम मांडतात. तिसरीने एकमताने ठरवलं, मावशींना बोलवायचं, आई-बाबांना डोळे मिटून पिशव्या निवडायला लावायच्या. मी सुचवलं नाही. अडवायचं कसं हेही सुचलं नाही. मीनलताई तर फारच खूश. "सुवर्णा, या वर्षातला सगळ्यात चांगला प्रकल्प. त्यांचं नाव काय? फलकावर मोठं लिहू."

"विचारून सांगते."

आईचं नाव विचारून सांगते.

मुलांनी पत्र लिहिलं. मोठा कागद, सगळ्यांच्या सह्या, वाजणाऱ्या आणि न वाजणाऱ्या पिशवीचे तुकडे चिकटवलेले. खाली डाव्या कोपऱ्यात चौकोन रिकामा. "तो तुमच्या सहीचा, ताई. आणि पत्र तुम्हीच द्या, तुम्हाला शेड माहितीये."

मंगळ., २१

पत्र पिशवीतच. शाळेतून घरी आणलं, घरून शाळेत नेलं. ओवीने दोनदा विचारलं. "दिलंत?" संध्याकाळी देते म्हटलं. हे शुक्रवारच्या गोलात मोजायचं का?

बुध., २२ जाने.

आईला सलग वाचता येत नाही, म्हणून पत्र मीच वाचून दाखवलं. तिच्या नावे आलेलं, मी वाचायचं. "प्रिय मावशी, तुम्ही डोळे बंद करून शिकवता. आमच्या ताई डोळे उघडे ठेवून शिकवतात. दोन्ही आवडतं." मला पुढे वाचता येईना. ती म्हणाली, "थांबलीस का? वाच."

वाचलं. ‘आम्ही तुमचा लाडू खाल्ला नाही, सॉरी. शनिवारी आणाल का?’ हे ईशानचं अक्षर.

आईने कागद हातात घेतला, तुकड्यांवरून बोट फिरवलं. एक चुकीच्या बाजूला चिकटवला होता, तो तिने हलकेच उचकटून बरोबर बाजूला लावला. मग रिकाम्या चौकोनावर बोट ठेवलं.

"हितं कोनाचं नाव ऱ्हायलं?"

"माझं."

"मग कर की."

पेन शोधलं, मिळालं. सही केली, शाळेत करते ती, पूर्ण नाव. आईचं नाव त्यात येत नाही. माझं, बाबांचं, आडनाव. बाबा जाऊन बारा वर्षं झाली, नाव त्यांचंच लागतं. फी तिने भरली, वह्या तिने आणल्या, कचऱ्यात सापडलेल्या कोऱ्या पानांच्या वह्या तिनेच दोऱ्याने शिवून दिल्या. त्या वह्यांचा मला वर्गात वास यायचा. येत नसणार. मला यायचा.

"येऊ का नको?" तिने विचारलं. "खरं सांग. तुझी नोकरी हाय."

"ये."

"मॅडमच म्हनायचं ना?"

मी म्हटलं, चहा गार होतोय.

शुक्र., २४ जाने.

सकाळी मीनलताईंना नाव दिलं. कुसुम. "आडनाव?" त्या म्हणाल्या. मी सांगितलं. त्या लिहिता लिहिता थांबल्या, मग म्हणाल्या, "तुझंच आडनाव की." मी म्हटलं, "हो." त्या बघत होत्या, आणखी काही येईल म्हणून. तेवढ्यात घंटा झाली आणि मी वर्गावर गेले. घंटा झाल्याचा आनंद झाला, हेही लिहून ठेवते.

गोल. आज गुरुवारी निवडून ठेवलेली चूक नव्हती. पाळी आली. मी सतरंजीचा धागा ओढत राहिले. वीस जण वाट बघत होते, कुणी चुळबूळसुद्धा केली नाही. शेवटी म्हटलं, "माझी मोठी आहे. उद्या सांगते."

ओवी म्हणाली, "उद्या गोल नसतो, ताई."

"तरी उद्याच सांगते. त्या दिवशी तिथे जे होते, त्यांच्यासमोरच सांगावी लागेल."

ईशान म्हणाला, "म्हणजे मावशींच्या समोर." पुढची पाळी त्याची होती. त्याने आपली सांगितली.

शनि., २५ जाने. सकाळ

साडेआठ. नऊला फाटक उघडतं.

आईने मोरपंखी साडी नेसली आहे, माझ्या पदवीदानाला नेसली होती ती. तेव्हा ती सभागृहात मागच्या ओळीत बसली होती, मी फोटोला हाक मारीपर्यंत उठली नव्हती. आज दोन पिशव्यांत निवडायचं प्लास्टिक धुऊन, वाळवून भरलं आहे. काल परत लाडू वळले. मी सगळे वळले, चटके बसले तरी. डबा तिने विचारून घेतला नाही आणि मी दिला नाही. मी कपाटातून माझा काढला, नाव कोरलेला, तिच्यासमोर पुसला, भरला.

तिने झाकणावरचं नाव वाचलं. तेवढं तिला येतं.

"ह्यो नेऊ? पोरांना वाचता येतं, सोने."

"म्हणून तर."

तिने डबा उचलला. चपला घातल्या. मग म्हणाली, "तू व्हो पुढं. मी मागनं येते धा मिनिटांनी. एकदम दिसायला नको."

मी म्हटलं, थांब, एवढं लिहिते.

ती उंबऱ्यावर उभी आहे, एका हातात डबा, दुसऱ्या हातात पिशव्या. मी पुढे निघावं म्हणून ती वाट बघतेय. माझ्याही पायात चपला आहेत. डबा तिच्या हातातून घ्यायचा आणि तिच्या बरोबरीने चालायचं, एवढंच आहे. दहा मिनिटांचा रस्ता. अर्ध्या रस्त्यात ओवीचं घर लागतं.