ठेवायचं, द्यायचं, काढायचं

सोमवार

थोरले, मी तुझी आई. आधीच सांगून ठेवते, नाहीतर वही उघडून विचारत बसशील की ही म्हातारी कोण. डोकं मानेला घट्ट बसवलेलं आहे म्हणून बरं, नाहीतर तेही तू कधीच बसमध्ये विसरून आली असतीस. काल मला पोचवायला आलीस आणि जाताना माझीच पिशवी उचलून नेलीस. तिच्यात माझ्या चपला होत्या. आता मी धाकट्याच्या घरात धाकट्याचे बूट घालून हिंडते आहे. बदक दिसतेस, असं टाचणी म्हणते.

टाचणी म्हणजे तुझ्या भावाची लेक, तेवढं तरी आठवत असेल. अंगाने टाचणी आणि बोलण्याने तर त्याहून टाचणी. रोजचं रोज लिहून ठेव आणि वही भरली की टपालाने पाठव म्हणत तू मला वही दिलीस, आणि मला लिहिता येत नाही हे सोयीस्कर विसरलीस. म्हणून मी सांगते आणि टाचणी लिहिते. तिने मला आल्या आल्याच पकडलं. मी ऐटीत चष्मा चढवून वर्तमानपत्र धरलं होतं, तर कानाशी येऊन म्हणाली, आजी, सगळी माणसं खाली डोकं वर पाय करून उभी आहेत.

हसू नको गं, लिही. हेही लिहिलंस? बरं.

सूनबाईला यातलं काही माहीत नाही. लग्नाच्या वेळी तुझ्या भावाने सांगून टाकलं होतं की आईचे डोळे अधू आहेत. चष्म्याच्या दुकानात काम करणारा मुलगा, त्याला दुसरं काय सुचणार! चष्माही त्यानेच आणून दिला, साध्या काचेचा. सून शिकलेली, इमारतींचे नकाशे काढते. तिच्यापुढे अंगठा कसा पुढे करू? टाचणीने शपथ घेतली आहे की हे कुणाला सांगणार नाही, आणि बदल्यात माझ्या वाटणीचं गोड तिने खायचं. माझं काय जातं? गोडाचा घास माझ्या घशाखाली जन्मात उतरला नाही, हे तरी विसरू नकोस. पाठवायचंच असेल तर लिंबाचं लोणचं पाठव. गोड पाठवलंस तर डब्यासकट परत येईल.

मंगळवार

घर छान आहे, फक्त ते सापडत नाही. खुर्च्यांवर कपडे, कपड्यांवर फायली, फायलींवर आणखी कपडे. कात्री मिळत नाही म्हणून नवी आणतात. असं करत घरभर कात्र्याच कात्र्या झाल्या आहेत, आणि दोरा तोडायचा तर दातच कामी येतात. न्हाणीघराच्या दारात तुझ्या भावाची सायकल उभी. अंघोळीला जाताना पोट आत घ्यावं लागतं. भिंतीवर सुनेच्या वडिलांचा फोटो आहे, त्याच्या खिळ्यालाही कुणीतरी छत्री अडकवून ठेवली आहे. बिचारे पावसाची वाट बघत असल्यासारखे दिसतात.

सुनेचं टेबल खिडकीशी. त्यावर नकाशांच्या गुंडाळ्या, वाळलेल्या चहाचे कप, विजेची बिलं, टाचणीचा एक मोजा. दुसरा कुठे आहे ते विचारायचं नाही. गेल्या आठवड्यात तिने एका दवाखान्याचा नकाशा म्हणून कुणाच्या तरी गोठ्याचा पाठवून दिला. साहेब सगळ्यांसमोर बोलला. हे सांगताना तिचे डोळे भरून आले. म्हणाली, आई, घरी कुणाला बोलवायची लाज वाटते. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. लाजेचं एक कपाट माझ्याकडेही आहे आणि तेही काठोकाठ भरलेलं, पण ते उघडायची ही वेळ नव्हती.

उद्यापासून एक बाई येणार आहे. लोकांची घरं आवरून द्यायची, हा तिचा धंदा. म्हटलं, जगात काय काय धंदे निघतात! आमच्या वेळी त्याला सासू म्हणत.

बुधवार

बाई आली ती टाचणी शाळेत गेल्यावर. राखाडी कपडे, कुठे एक सुरकुती नाही. चेहऱ्यालाही नाही. दारात तिच्या चपला दिसल्या नाहीत, आणि तळवे बघितले तर लख्ख. पाणी नको, चहा नको, बसायलाही नको. तिच्या पिशवीत फक्त तीन गुंडाळ्या होत्या, मागे डिंक लावलेल्या पांढऱ्या चिठ्ठ्यांच्या. ही ठेवायची, ही द्यायची, ही काढायची, असं भरभर म्हणाली आणि तिन्ही माझ्याच हातात ठेवल्या. म्हणाली, घरात आजी मोठ्या, वस्तूंवर त्यांनीच लावाव्यात. सूनबाईनेही मान डोलावली, की हो, आईंना वस्तूंची पारख आहे.

आता काय करणार? मी चष्मा पुसला. एक चिठ्ठी जवळ नेली, मग लांब धरली, आणि हं म्हणाले. बाईने माझ्याकडे बघितलं आणि हसली. काच साधी आहे हे दुकानदाराला कळतं ना, तसं.

कुठली गुंडाळी कुठली, हे मी पहिल्या पाच मिनिटांतच विसरले. तुझ्यावर गेले आहे मी. मग अंदाजाने लावत सुटले. दुपारपर्यंत जमीन दिसायला लागली. बाई एकटीच सगळं खाली नेत होती, आणि जिन्यात पावलाचा आवाज म्हणून नाही. दवाखान्याचा नकाशा सापडला! सुनेने मला मिठी मारली. म्हणाली, आई, तुम्ही नसता तर मी काय केलं असतं. थोरले, मला फार बरं वाटलं. घरात वारा खेळतो आहे.

शुक्रवार

धाकटा संध्याकाळी घामाने भिजून, पाय ओढत आला. मी विचारलं, सायकल कुठे? तो म्हणाला, कुठली सायकल? वाटलं, थट्टा करतो आहे. टाचणीला विचारलं, तर तीही म्हणाली की बाबांना सायकल येतच नाही. मी तिला हीच वही मागे उलटून वाचायला लावली. तिच्याच अक्षरात सायकल लिहिलेली. आता लिहिता लिहिता म्हणते आहे, आजी, हे मी लिहिल्याचं मला आठवत नाही.

मला आठवतं. मला लिहिता येत नाही ना, त्यामुळे माझं सगळं डोक्यातच ठेवलेलं असतं.

त्या सायकलीला मी ठेवायची चिठ्ठी लावली होती. म्हणजे ती ठेवायची असेल असं मला वाटलं होतं. दोन अक्षरं आली असती तर पोराचे पाय सुजले नसते.

सोमवार

आज मी गुंडाळ्या बाईला परत करायला गेले. म्हटलं, दुसऱ्या कुणाला तरी द्या. तिने सुनेच्या देखत गोड आवाजात विचारलं, का आजी, वाचायला त्रास होतो का?

मी गुंडाळ्या परत घेतल्या.

फोटोला चिठ्ठी लावायची पाळी आली. तिन्ही गुंडाळ्या हाताने चाचपल्या, वास घेतला, आणि ठेवायची असेल म्हणून मधली लावली. दुपारी भिंतीवर नुसता खिळा. मी घाबरत सुनेला म्हणाले, तुझ्या वडिलांचा फोटो गेला गं. तिने मान वर केली. कुणाचे वडील, म्हणाली. चिडून नाही, दुःखाने नाही. रस्त्यावर कुणी पत्ता विचारावा तशी बघत होती.

ज्या माणसाने तिला खांद्यावर बसवून शाळेत नेलं होतं, तो माणूस मी तिच्यातून काढला. माझ्या हाताने. खोटा चष्मा लावून.

सून आता हसतमुख आहे. टेबल चकचकीत. साहेबाने कौतुक केलं म्हणे.

मंगळवार

टाचणीने आज पोट दुखतं म्हणून शाळेला बुट्टी मारली. मी बाईची नजर चुकवून एक चिठ्ठी बाहीत दडवली, आणि आता दार लोटून आम्ही दोघी बसलो आहोत. मी म्हटलं, वाच. तिने उलटी धरली, सुलटी धरली, उजेडाकडे नेली. आणि म्हणते, आजी, ही अक्षरंच नाहीत. नुसत्या रेघोट्या आहेत. कुणालाच वाचता येणार नाहीत.

मग तुझ्या आईने त्या बघून मान कशी डोलावली? तर टाचणी म्हणते, आईला मी कालच विचारलं होतं, चिठ्ठीवर काय लिहिलंय म्हणून. तर आईचा चेहरा लाल झाला आणि म्हणाली, त्यांची ती पद्धत असते, तुला नाही कळायची.

म्हणजे तिलाही वाचता आली नाही. तीही हं म्हणाली. आम्ही सगळे एकमेकांची लाज राखत बसलो आणि ती बाई घर उचलत राहिली. ठेवायचं नाही, द्यायचं नाही. चिठ्ठी लागली की गेलं. टाचणे, आत्ताच्या आत्ता आईला हाक मार, मी सगळं सांगते, मला वाचता येत नाही हेही —

दार उघडलं. बाई आहे. हात पुढे करून एक चिठ्ठी कमी आहे म्हणते —

आजी तू कुठे लपवलीस? आजी माझ्या पाठीवर का मारलंस आजी

बुधवार

ही बाई लिहून घेते आहे. दुसरं कुणी नाही. धाकट्याला विचारलं तर वेळ नाही म्हणाला. बाई म्हणाली, सांगा आजी, शब्दन् शब्द लिहीन. लिहिते की नाही, मला काय कळणार?

थोरले, काल मी काय केलं ते ऐक. बाईने हात पुढे केला आणि माझी चोरी उघडी पडेल, सगळं विचारतील, या भीतीने मी चिठ्ठी पोरीच्या पाठीवर थापली. थाप मारून लपवली. एवढंच. विचार केला नाही. मग चिठ्ठी शोधायला हात फिरवला तर पाठच —

सकाळी टेबलावर तीनच ताटल्या. तिच्या खाटेच्या जागी कुंडी.

मी सगळं बोलले. दोघांसमोर. चष्मा काढून जमिनीवर फेकला. म्हटलं मी अडाणी आहे, मला एक अक्षर येत नाही, चिठ्ठ्या मी अंदाजाने लावल्या, पोरीलाही मीच लावली, तिला परत आणा. आयुष्यभर घशात अडकलेलं एका दमात बाहेर पडलं. आणि सुनेने माझा हात हातात घेतला. म्हणाली, आई, आम्हाला मूल नाही.

मी ही वही दाखवली. बघ, तुझ्या लेकीचं अक्षर. तिने पानं उलटली. म्हणाली, किती सुंदर अक्षर आहे तुमचं, आई.

जन्मभर हे एक वाक्य ऐकायची हौस होती गं मला.

गुरुवार

तुझ्या भावाला मुलगी आहे. हे म्हण. भांडी घासताना म्हण, बसमध्ये म्हण. तुझ्या भावाला मुलगी आहे. तिचं नाव टाचणी नाही, खरं नाव — खरं नाव काय होतं? तू सांग. तुझ्या लक्षात — तू एकदा तरी —

बाई म्हणते, आजी, तुमच्या वाक्यांत फार अडगळ आहे. थोडी काढू का.

नको म्हटलं. लिहिलंस का नको? वाचून दाखव. दाखवते म्हणते. वाचते ते बरोबर आहे. पण ती कागदाकडे बघतच नाही —

शनिवार

मी घालत होते ते धाकट्याचे बूट नाहीत. धाकट्याने मला दारात बघून विचारलं, कोण पाहिजे? सूनबाई हसून म्हणाली, अहो, आई. मग तिलाही जरा थांबावं लागलं.

बाई मागे उभी. पाठीला काहीतरी लागलं. हात पोचत नाही. थोरले, लोणचं पाठव. लिंबाचं. लोणचं आलं तर मला कळेल की तुला अजून —

रविवार

घर स्वच्छ आहे. सर्व वस्तू जागच्या जागी आहेत. आजी मजेत आहेत. काळजी नसावी. भेटीस येण्याचे कारण नाही. लोणचे पाठवू नये. पाठवायचेच असल्यास काहीतरी गोड पाठवावे. आजींना गोड फार