माल्टाचं मत

५ ऑक्टोबर, रविवार

लाईबाची निवड झाली! शाळेत मुलांचं लुटुपुटूचं अधिवेशन भरणार आहे, युरोपीय संघाचं. त्यात युरोपीय परिषदेचं, म्हणजे सगळ्या देशप्रमुखांच्या बैठकीचं, अध्यक्षपद माझ्या लेकीला! मी समाजशास्त्र शिकवते, अधिवेशनही माझ्याकडेच – म्हणून निवडीच्या वेळी मुद्दाम बाहेर बसले. परीक्षक दुसरे होते. गुदैबियाला, आमच्या वस्तीत, घरी येईपर्यंत गाडीत एकटीच हसत होते.

७ ऑक्टोबर

खलास.

लीना मॅडमनी, आमच्या प्रिन्सिपॉलनी, केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला तेव्हाच ओळखलं, काहीतरी मागणार. लाईबाच्या वर्गातल्या चिरागच्या वडिलांचा फोन होता म्हणे. ते शाळेच्या कमिटीवर. मुलाला मुख्य खुर्ची हवी. मॅडम म्हणाल्या, "आतिका, खऱ्या संघातही पदं वाटूनच घेतात ना? तूच तर शिकवतेस."

शिकवते खरी. एक पद मोठ्या देशाला, एक छोट्याला. उत्तर-दक्षिण बघायची, बायका किती, पुरुष किती, कुठल्या पक्षाचे किती – सगळं एकदम ठरतं, बंद दाराआड. मग बाहेर येऊन सांगायचं, समतोल साधला. माझाच धडा माझ्याच गळ्यात!

निघताना मॅडम म्हणाल्या, तुझं कॉन्ट्रॅक्टही याच महिन्यात कमिटीपुढे आहे. हसूनच म्हणाल्या.

नवऱ्याची, तौकीरची, नोकरी गेल्यापासून आम्हा तिघांचा इथे आखातात राहायचा व्हिसा माझ्या नोकरीवर आहे. मी 'हो मॅडम' म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

८ ऑक्टोबर

लाईबाला सांगितलं. खरं कारण नाही सांगितलं, नुसतं समतोल समतोल करत बसले. ती नेहमीसारखी इंग्रजीतच बोलली – हे बरोबर आहे का, एवढंच विचारलं. मी भात वाढत होते, वाढतच राहिले. तौकीर मला स्वयंपाकघरात म्हणाला, "पोरीला सांगून टाक ना काय ते." काय सांगू? तुझ्या अब्बांची नोकरी गेली आणि अम्मी घाबरली?

१२ ऑक्टोबर

उरलेले देश वाटले. लाईबाला माल्टा. संघातला सगळ्यात चिमुकला देश. पोरं हसली. ती हसली नाही, रुसलीही नाही.

पण इथे लिहायला काय हरकत आहे – मुद्दाम दिला! परिषदेच्या अध्यक्षाला मत नसतं. त्याच्या पाठीशी देश नसतो, नुसती खुर्ची. आणि सगळ्यांनी हो म्हटल्याशिवाय ठराव पुढे सरकत नाही. माल्टाचा नकार जर्मनीच्या नकाराएवढाच जड. चिरागच्या वडिलांनी खुर्ची मागितली, मी खुर्ची दिली. नियम वाचायचे कष्ट कोण घेतो! लाईबा घेते.

आज बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

१३ ऑक्टोबर

मॅडम गोड बोलतायत. भीती वाटते.

१६ ऑक्टोबर

अधिवेशन झालं.

चिराग वाईट मुलगा नाही. पाठ केलेलं नीट बोलला. ठराव मुलांनीच लिहिलेला – काम सुटलेल्या परदेशी माणसांना लगेच त्यांच्या देशी परत पाठवायचं. एकेक देश हो म्हणत गेला. माल्टाची पाळी आली. माल्टा उठला आणि म्हणाला, नाही.

चिराग म्हणाला, मग मी माझं मत देतो. कुणीतरी नियम वाचून दाखवला. पोरगा लालबुंद झाला. पहिल्या रांगेतून त्याच्या वडिलांनी मॅडमकडे बघितलं, मॅडमनी माझ्याकडे. मला आतून इतका आनंद झाला होता! आणि पाय तरीही लाईबाच्या खुर्चीकडे निघाले.

मी वाकून म्हटलं, "हो म्हण, बेटा."

"कोण सांगतंय? टीचर की अम्मी?" मराठीत विचारलं तिने. घरी कधी मराठीत उत्तर देत नाही.

"अम्मी. माझी नोकरी ह्यांच्या हातात हाय. ती गेली तर आपल्याला पण परत जायला लागंल."

तिने माल्टाची पाटी वर केली. होकार. टाळ्या. फोटोत चिराग मधे, मी कडेला.

तिची खुर्ची त्यांनी काढून घेतली. मत मी काढून घेतलं. लाज वाटते आहे.

२३ ऑक्टोबर

कॉन्ट्रॅक्ट झालं. आता व्हिसाचंही होईल, इंशाल्ला. तौकीर मिठाई घेऊन आला. मी एक तुकडा खाल्ला.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

तौकीरने विचारलं, आज समुद्रावर जायचं की हमद टाउनला त्याच्या बहिणीकडे, हिनाफुफीकडे? दर शुक्रवारी यावरून लाईबाची बापाशी हुज्जत ठरलेली. आज ताटावरून मान वर न करता म्हणाली, "तुम्ही ठरवा. माझं हो आहे."