पर्वती, नाटक आणि वन्संची सही

६ जानेवारी, मंगळवार

निरंजनने (तोंडावर अहो, वहीत निरंजन!) आज फर्मान काढलं. त्याच्या थोरल्या बहिणीला, लीलावन्संना, मी एकटीने रविवारी पुणं फिरवायचं, नाटक दाखवायचं, आणि स्वारी खुशीत आली की हक्कसोडीचं काढायचं. म्हणजे सख्ख्या बहिणीकडे सही मागायची कुणी, तर भावजयीने! स्वतः चार वेळा मागून झालंय. वन्सं दर वेळी म्हणतात, "बगू की."

भूगावच्या अकरा गुंठ्यांवर दोघा बहीणभावांची नावं आहेत. वन्संनी हिस्सा सोडला की तिथे खोल्या बांधायच्या, हिंजवडीची पोरं भाड्याने ठेवायची. आणि खोल्या झाल्या की मी पिरंगुटच्या कंपनीतलं पॅकिंग सोडणार. अठरा वर्षं उभ्याने खोकी बंद करतेय. म्हणून चीड आली तरी नाही म्हटलं नाही. ती सही मलाही हवीच आहे.

१० जानेवारी, शनिवार

वन्सं कोळवणहून आल्या. बरोबर आंबेमोहोर तांदूळ, आणि उद्यासाठी भाकऱ्या इथेच थापणार म्हणे. "हाटेलात कशाला जायाचं?" झालं! निवांत बसून बोलायची एक जागा गेली.

११ जानेवारी, रविवार

पाय मोडले. विषय निघाला नाही. उद्या लिहीन.

१२ जानेवारी, सोमवार

रजा टाकली. पोटऱ्या दगड झाल्यात.

काय दिवस गेला काल! बसमध्येच बोलून मोकळी होणार होते, तर वन्संनी शेजारच्या बाईशी गट्टी केली. डेक्कन येईपर्यंत तिच्या सुनेचं अख्खं बाळंतपण ऐकून झालं. मग म्हटलं, पर्वतीच्या पायऱ्या चढता चढता काढू. पासष्टीची बाई, शेरडासारखी तुरुतुरु पुढे! मी मागे धापा टाकत. वर पोचले तेव्हा तोंडातून शब्द फुटेना. "उबं ऱ्हाऊन ऱ्हाऊन पाय गेलं तुजं, साधना," म्हणाल्या आणि चक्क माझ्या पोटऱ्या चोळायला बसल्या. लोकांदेखत! थोरल्या नणंदेने भावजयीच्या पायाला हात लावायचा? मेल्याहून मेल्यासारखं झालं. अशा वेळी सही कशी मागणार?

संग्रहालयात तर एकेका अडकित्त्यापुढे मुक्काम. मी "वन्सं, एक विचारायचं होतं" म्हटलं की लगेच, "ह्ये बग, असलाच आमच्या सासूबाईकडं हुता." तीनदा सुरुवात केली, तीनदा अडकित्ता आडवा आला. सारसबागेत भाकरी सोडली, तर म्हणे जेवताना बोलू नये.

राहिलं नाटक. निरंजनने तिकिटं काढताना नाटक कशाचं आहे एवढं तरी बघावं की नाही! पडदा वर गेला आणि पुतण्या म्हाताऱ्या काकूकडून घर लिहून घेतोय. काकूने पेन उचललं मात्र, वन्सं तिसऱ्या रांगेतून ओरडल्या, "आगं बया, सही करू नगंस!" सगळं नाट्यगृह हसलं, टाळ्या पडल्या. स्टेजवरची काकूसुद्धा हसू दाबत थांबली. मी खुर्चीत जमेल तेवढी खाली घसरले.

आणि मध्यंतरात वडा खाता खाता वन्संच म्हणतात, "मगाधरनं काय विचारायचं हुतं तुला?"

दिवसभर ज्याची वाट बघितली ते असं समोर येऊन उभं राहिलं! आणि मी काय विचारलं? "अजून एक वडा आणू का?"

माझ्यासारखी बावळट मीच. इतका राग आला स्वतःचा!

संध्याकाळी निरंजन म्हणाला, "एक काम सांगितलं होतं." मीही ऐकवलं, "बहीण तुमची, तुम्ही मागा. नाटक आधी बघून या!" तेव्हापासून अबोला.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. तिळगूळ वाटला. गोड मात्र वन्सं सोडून कुणीच बोललं नाही.

१५ जानेवारी, गुरुवार

सकाळी चहाला बसल्या बसल्या वन्सं आपण होऊन निरंजनला म्हणाल्या, "वकिलाला इचारून ठेव. माजा हिस्सा देऊन टाकते. पर तुला न्हाई. बक्षीसपत्र साधनाच्या नावानं कर."

निरंजनने कप खाली ठेवला. "तिच्या नावाने? का म्हणून?"

"तू चार डाव मागितलास. ही दिसभर येकटी माज्यासंगं हिंडली, मीच इचारलं तरी जमिनीचं येका शब्दानं काढलं न्हाई. लई मोठं मन हाय हिचं."

खरं काय ते त्याला ठाऊक, मला ठाऊक. त्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. मग मी वन्संना विचारलं, "अजून चहा आणू का?"